योग्य जोडी

[काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याचा, म्हणजे स्कीचा खेळ चालतो. या खेळात पायांना लांब पट्ट्या बांधतात. त्यांनाही स्की असेच म्हणतात. सगळा बर्फ सारखा नसतो, म्हणून सगळ्या स्कीही सारख्या नसतात. न दाबलेल्या आणि मिश्र बर्फासाठी स्कीची जोडी कशी निवडावी, हे लेखकाने एका प्रसंगाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.]

'गुल' म्हणजे फूल, हे तुम्हांला सांगायला नकोच. 'मर्ग' म्हणजे डोंगरातील कुरण. गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. ते बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. श्रीनगरहून तेथे जायला साधारण पन्नास किलोमीटरचा रस्ता आहे. उन्हाळ्यात तेथे खरोखरच फुले असतात. हिवाळ्यात मात्र फुलांच्या जागी बर्फ असतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी पडते. काश्मिरी लोक त्या दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात.

गुलमर्गच्या मागे अफरवट नावाचा उंच डोंगर आहे. त्यावर जाण्यासाठी तारेवरून चालणारा पाळणा आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगडूरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तो सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत जातो. वर जायचे पाळण्याने आणि खाली यायचे स्कीवरून, असा हा खेळ आहे. याच जिल्ह्यातील आरिफ मोहम्मद खान यांनी २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीच्या शर्यतीत भाग घेतला. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचे ते एकमेव खेळाडू होते.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात मी माझ्या भाच्याबरोबर गुलमर्गला गेलो होतो. भाचा कॉलेजात शिकत होता. आदल्या वर्षी त्याने स्कीचा पहिला अभ्यासक्रम पुरा केला होता. पुढच्या अभ्यासक्रमासाठी त्याची निवड झाली होती आणि तो दहा दिवसांनी सुरू होणार होता. त्याआधी थोडा सराव करावा, असा त्याचा विचार होता. मला स्की येत नाही. मी फक्त सोबतीला गेलो होतो.

गुलमर्गमध्ये स्की भाड्याने मिळतात. आम्ही एका लहानशा दुकानात शिरलो. दुकानदार वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आत बुखारी पेटलेली होती आणि भिंतीला अनेक जोड्या टेकून ठेवल्या होत्या. काही अरुंद होत्या, काही रुंद होत्या. काहींची टोके पन्हाळीसारखी वर वळलेली होती.

"चाचा, मला सगळ्यांत रुंद जोडी द्या," भाचा म्हणाला. "काल ते परदेशी पाहुणे घेऊन गेले, तसली."

चाचा हसले. म्हणाले, "देईन बेटा. पण आधी तीन प्रश्नांची उत्तरे दे. तू कुठे जाणार? तिथे आज बर्फ कसा आहे? आणि तुला स्की किती येते?"

भाच्याला हे प्रश्न आवडले नाहीत. मला मात्र ते फार आवडले. मी म्हणालो, "चाचा, मलाही समजावून सांगा. मी मास्तर आहे. मुलांना सांगेन."

चाचांनी आम्हांला बुखारीजवळ बसवले, कहवा दिला आणि सांगायला सुरुवात केली.

बर्फाचे प्रकार

"मास्टरसाहेब, बर्फ म्हणजे एकच वस्तू नव्हे. खालच्या सोप्या उतारावर यंत्र फिरवून बर्फ दाबतात. तो रस्त्यासारखा सपाट आणि घट्ट होतो. वरच्या उतारावर कोणी बर्फ दाबत नाही. तो जसा पडला तसा राहतो. नुकताच पडलेला बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो. त्यात पाय मांडीपर्यंत रुततो. वारा आला की तोच बर्फ थापला जातो. ऊन पडले की वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. मग त्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखे कवच येते. वरून माणसे गेली की तो तुडवला जातो आणि त्याची ढेकळे होतात. रात्री ती ढेकळेही गोठतात."

"मग आज वर कसा बर्फ आहे?" मी विचारले.

"तीन दिवसांपूर्वी बर्फ पडला. त्यानंतर ऊन पडले. म्हणून झाडांच्या सावलीत तो अजून मऊ आहे. उन्हाच्या बाजूला कवच आहे. पाळण्याखालच्या वाटेवर ढेकळे आहेत. धारेवर वाऱ्याने थापलेला कडक बर्फ आहे. एकाच उतारावर चार प्रकार! यालाच आम्ही मिश्र बर्फ म्हणतो. कोवळ्या बर्फावर पडलेला माणूस हसत उठतो. मिश्र बर्फ माणसाची परीक्षा घेतो."

रुंदी

चाचांनी दोन स्की शेजारी ठेवल्या. "स्कीचा मधला भाग सर्वांत अरुंद असतो. त्याला आम्ही कमर म्हणतो."

"मराठीत आम्ही कंबर म्हणतो," मी म्हणालो.

"मग समजायला सोपे! दाबलेल्या उतारासाठी ६५ ते ८५ मिलिमीटर कंबर पुरते. केवळ खोल, भुसभुशीत बर्फासाठी ती १०५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त घेतात. या दोहोंच्या मधली जोडी दोन्हीकडे चालते."

रुंद स्की भुसभुशीत बर्फावर का तरते, हे मी वहीत गणित करून पाहिले. तुम्हीही करून पाहा. समजा, माणसाचे वजन ६० किलो आहे. त्याच्या दोन बुटांचे तळ मिळून सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १२० ग्रॅम भार पडतो. आता १६५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी ७ सेंटिमीटर रुंद अशी जोडी घ्या. तिचे क्षेत्रफळ २,३१० चौरस सेंटिमीटर होते आणि भार २६ ग्रॅमवर येतो. १८० सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद जोडीवर तोच भार सुमारे १५ ग्रॅम होतो. भार जितका पसरतो, तितके माणूस कमी रुततो. वाळवंटात उंटाचे पसरट पाय का रुतत नाहीत, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. तोच हा नियम.

"बघा मामू!" भाचा म्हणाला. "म्हणजे रुंद तीच चांगली."

"थांब बेटा," चाचा म्हणाले. "कडक बर्फावर स्की तळावर नाही, पोलादी कडेवर चालते. स्की आडवी कलवायची आणि कड बर्फात रोवायची, तेव्हा वळता येते. अरुंद स्कीची कड पायाच्या खालीच असते. ती चटकन रुतते. रुंद स्कीची कड पायापासून दूर असते. ती कलवायला वेळ लागतो आणि जोरही लागतो. तो सगळा जोर गुडघ्यावर येतो. झाडांत रुंद जोडी राणीसारखी चालेल. गोठलेल्या ढेकळांवर तीच तुला फरफटत नेईल."

आकार, लांबी आणि वजन

मग चाचांनी एक स्की टेबलावर ठेवली. तिची दोन्ही टोके टेबलाला टेकली होती आणि मधला भाग किंचित वर होता. "हा कमानीचा आकार. माणूस उभा राहिला की कमान दबते आणि भार साऱ्या कडेवर पसरतो. म्हणून ही कडक बर्फावर पकड धरते."

दुसरी स्की नावेच्या तळासारखी होती. तिचा मधला भाग टेकला होता आणि टोके वर उचललेली होती. "ही भुसभुशीत बर्फावर नावेसारखी तरंगते. टोक आत घुसत नाही. परंतु कडक बर्फावर हिची कमी लांबी टेकते, म्हणून पकडही कमी."

हा नावेचा आकार स्कीला फार उशिरा मिळाला. शेन मॅककॉन्की या स्कीपटूला ही कल्पना पाण्यावर चालवायच्या स्कीवरून सुचली. खोल बर्फ हा पाण्यासारखाच वागतो, असे त्याचे म्हणणे होते. २००० सालानंतर असा आकार सर्वत्र पसरला.

"मिश्र बर्फासाठी दोघांचा मेळ हवा," चाचा पुढे म्हणाले. "टोक वर उचललेले, म्हणजे मऊ बर्फात घुसणार नाही. पायाखाली थोडी कमान, म्हणजे कडक बर्फावर पकड राहील. कंबर ९५ ते १०० मिलिमीटर. लांबी सुमारे स्वतःच्या उंचीइतकी. नवशिक्याने हनुवटी ते नाक इतकीच लांबी घ्यावी, कारण आखूड स्की वळवायला सोपी. टोक उचललेली स्की थोडी लांब घेतली तरी चालते, कारण तिचा टेकणारा भाग कमी असतो."

"आणि वजन? हलकी जोडी बरी ना?" मी विचारले.

"डोंगर चढून जाणाऱ्याला हलकी बरी. पण ढेकळांवर हलकी स्की उडते, थरथरते. जरा वजनदार आणि बेताची ताठ स्की ढेकळे कापत जाते. फार ताठ असली तर ती वाकवायला ताकद लागते. हलक्या अंगाच्या माणसाला ती ऐकत नाही."

हे सांगून चाचांनी एक निळी जोडी काढली. कंबर ९८ मिलिमीटर, लांबी १७० सेंटिमीटर. भाच्याची उंची १७२ सेंटिमीटर होती. "ही तुझी जोडी," ते म्हणाले. "आजच्या बर्फाला हीच योग्य. ११५ ची जोडी माझ्याकडे आहे, पण आज तुला देणार नाही. मोठा बर्फ पडू दे, मग ये."

एक चिठ्ठी

भाच्याचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मामू, हे चाचा जुन्या काळातले आहेत. दुसरीकडे पाहू." मी नको म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही.

दुसऱ्या दुकानात त्याला हवी ती ११५ मिलिमीटरची जोडी लगेच मिळाली. तेथे कोणी काही विचारले नाही. फक्त एक चिठ्ठी भरायला दिली. त्यात वय, उंची, वजन आणि स्की किती येते, हे लिहायचे होते. ही माहिती कशासाठी लागते, ते सांगतो. बूट स्कीला ज्या खटक्याने जोडतात, त्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की खटका सुटला पाहिजे आणि स्की पायापासून वेगळी झाली पाहिजे. नाही तर लांब स्की पायाला पिळते आणि गुडघा दुखावतो. खटका किती जोराने सुटावा, याचा आकडा वय, उंची, वजन, बुटाची लांबी आणि खेळाडूचे कौशल्य यांवरून ठरवतात.

शेजारी भाच्याच्या ओळखीची दोन मुले उभी होती. भाच्याचे वजन ५८ किलो होते. त्याने ७० लिहिले. कौशल्यापुढे त्याने 'तरबेज' असे लिहिले. मी ते पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. मुलांसमोर त्याचा अपमान नको, असा विचार करून मी गप्प बसलो. दुकानदाराने चिठ्ठीप्रमाणे खटका घट्ट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाटाड्याबरोबर कोंगडूरीला गेला. वाटाड्याने जोडी पाहून त्याला सांभाळून चालायला सांगितले. पहिली काही वळणे झाडांच्या सावलीत होती. तेथे तो पाखरासारखा गेला. नंतर उन्हाच्या बाजूची गोठलेली ढेकळे लागली. त्याने स्की कलवली, पण कड वेळेवर रुतली नाही. तो फार वेगात नव्हता. हळूच पिळवटून पडला. खटका सुटला नाही.

बचाव पथकाच्या माणसांनी त्याला घसरगाडीवर झोपवून खाली आणले. श्रीनगरच्या डॉक्टरांनी तपासले. गुडघ्यातील अस्थिबंध दुखावला होता. सहा आठवडे विश्रांती सांगितली. दहा दिवसांनी सुरू होणारा अभ्यासक्रम हुकला.

संध्याकाळी चाचा भेटायला आले. हातात अक्रोडांची पिशवी होती. "मी सांगितले होते," असे ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "बेटा, चिठ्ठीत वजन किती लिहिले होतेस?"

भाच्याने खरे सांगितले. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चुकीची जोडी घेतलीस, ती चूक दुरुस्त होते. माणूस पडतो, उठतो. पण खटक्याला खोटे सांगितलेस. त्याला तुझा रुबाब कळत नाही. त्याला आकडा कळतो."

मी मान खाली घातली. ते वाक्य भाच्यासाठी होते, पण ते मलाच लागले. चिठ्ठी त्याने भरली होती. गप्प मात्र मी बसलो होतो. वर्गात मी रोज खरे बोलायला शिकवतो. त्या दिवशी एका शब्दाची गरज होती, तेव्हा तो शब्द मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. भाचा सरळ चाचांच्या दुकानात शिरला. चाचांनी तेच तीन प्रश्न विचारले. भाच्याने उत्तर दिले, "कोंगडूरीच्या झाडांत जाणार. बर्फ चार दिवसांचा आहे, सावलीत मऊ आणि बाहेर कडक. मला मध्यम येते, चाचा. गुडघा अजून थोडा कच्चा आहे." चिठ्ठीत त्याने वजन ५९ लिहिले. चाचांनी तीच निळी जोडी काढून दिली. त्या वर्षी त्याने अभ्यासक्रम पुरा केला.

निघताना चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती येथे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो. योग्य जोडी बर्फावर चालायला मदत करते. ती हिमस्खलनापासून वाचवत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सर्वांत जास्त असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर हिमस्खलन होऊन दोन परदेशी स्कीपटू मरण पावले. म्हणून न दाबलेल्या बर्फावर एकट्याने जाऊ नये. बचाव पथकाने वाट बंद केली असेल, तर मागे फिरावे. जाणकार वाटाड्या, संकेत देणारे यंत्र, फावडे आणि बर्फात माणूस शोधण्याची लांब काठी बरोबर असावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण गुलमर्गला जातील. पण चिठ्ठ्या तर सर्वांनाच भराव्या लागतात. कुठे जायचे आहे, वाट कशी आहे आणि मला किती येते, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे ज्याच्याजवळ असतात, त्याला योग्य जोडी मिळते.

शब्दार्थ

कुरण – गवताळ मैदान, चराईची जागा
बुखारी – खोली गरम करण्याची लाकडाची शेगडी
कहवा – केशर, वेलदोडे घातलेला काश्मिरी चहा
भुसभुशीत – मोकळा, न दाबलेला
ढेकूळ – घट्ट गोळा
कवच – वरचे कठीण आवरण
वाटाड्या – वाट दाखवणारा
तरबेज – कुशल, निपुण
अस्थिबंध – दोन हाडांना जोडणारा पट्टा
हिमस्खलन – डोंगरावरून बर्फाचा थर घसरून कोसळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'गुलमर्ग' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) पाळण्याचा दुसरा टप्पा कोणत्या साली सुरू झाला?
(इ) भाच्याने चिठ्ठीत कोणत्या दोन गोष्टी खोट्या लिहिल्या?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) रुंद स्की भुसभुशीत बर्फात कमी रुतते.
(आ) रुंद स्की गोठलेल्या ढेकळांवर वळवणे कठीण जाते.
(इ) ढेकळांच्या बर्फावर फार हलकी स्की घेऊ नये.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिश्र बर्फ म्हणजे काय?
(आ) मिश्र बर्फासाठी चाचांनी कशी जोडी सुचवली?
(इ) चाचांचे वाक्य लेखकाला का लागले?

प्र. ४. तुमचे मत लिहा.
लेखकाच्या जागी तुम्ही असता, तर चिठ्ठी भरताना भाच्याला काय म्हणाला असता? मुलांसमोर त्याचा अपमान न होता ते कसे सांगता आले असते?

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) 'बर्फ' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. या पाठात तो पुल्लिंगी आहे. पाठातील अशी तीन वाक्ये शोधून लिहा.
(आ) उर्दूतील 'कमर' आणि मराठीतील 'कंबर' यांसारख्या आणखी तीन जोड्या शोधा.

उपक्रम : ओल्या वाळूवर आधी बुटाने आणि नंतर लाकडी फळीवर उभे राहून पाहा. कोणता ठसा जास्त खोल उमटतो आणि का, ते वहीत लिहा.